पाहुण्याची मागणी योग्य माणसापर्यंत कशी पोचवायची? (प्रॉपर्टी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर)

गच्चीवरची | सोमवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी,

थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी दिले जाणारे फ्लॅट आमची टीम सांभाळते. एका इमारतीत नाहीत, विखुरलेले आहेत. बुकिंग, कॅलेंडर आणि हिशेबासाठी विकतचं पीएमएस (प्रॉपर्टी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर) आहे, त्यावर सेवांचा भाग आम्ही स्वतः बांधलाय. पाहुणा काहीतरी मागतो (जादा टॉवेल, एसी थंड करत नाही, पहाटे गाडी हवी, बाळासाठी पाळणा) आणि सॉफ्टवेअरने ते काम योग्य माणसाला द्यायचं, एवढीच अपेक्षा.

सध्या पाहुणा ड्रॉपडाउनमधून कामाचा प्रकार निवडतो. त्या प्रकारच्या व्हेंडर्सना अंतर आणि रेटिंग बघून गुण मिळतात आणि सगळ्यात जास्त गुणवाल्याकडे काम जातं. कागदावर झकास दिसतं. प्रत्यक्षात ठरावीक दोघातिघांकडेच कामं जातात आणि बाकीचे कंटाळून गळतात. प्रकार चुकीचा निवडला जातो तो वेगळाच. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे स्क्रीनवर "नेमणूक झाली" असं दिसत असतं तेव्हा तिकडे त्या माणसाने मेसेज उघडलेलाही नसतो.

गुणांचं सूत्र सुधारावं असा टीमचा सूर आहे. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही नीट मांडता येत नाही. ज्यांनी या भागात काम केलंय त्यांनी लिहा, प्लीज.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:३२

ताई, सूत्र राहू द्या बाजूला, आधी ड्रॉपडाउन काढा.

मी हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. पाहुण्याला आपले व्हेंडरचे प्रकार माहीत नसतात, त्याला त्याचा त्रास माहीत असतो. "गरम पाणी येत नाही" हे काम कोणाचं सांगा? गीझरचं बटणच बंद असेल. एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) पडला असेल. एलिमेंट जळलं असेल, तर इलेक्ट्रिशियन. मिक्सर नळ आतून बिघडला असेल, तर प्लंबर. पूर्ण इमारतीचा बॉयलर बंद असेल तर तुमच्या यादीतला एकही माणूस कामाचा नाही, इमारत सांभाळणाऱ्यांनाच फोन करावा लागतो. "एसीतून पाणी गळतंय" म्हटल्यावर पाणी हा शब्द बघून प्लंबर पाठवणारं सॉफ्टवेअर मी स्वतः वापरलंय. ते पाणी बहुतेक वेळा तुंबलेल्या ड्रेन पाइपचं असतं, नाहीतर कॉइलवर जमलेला बर्फ वितळत असतो. दोन्ही एसीवाल्याची कामं.

म्हणून पाहुण्याला लक्षण विचारायचं आणि त्या लक्षणाखाली दोन प्रश्न ठेवायचे. गरम पाणी एकाच नळाला नाही की सगळ्या? गीझरचा दिवा लागतोय का? एवढ्यावर काही प्रकरणं कोणाला न पाठवताच मिटतात आणि उरलेली बरोबर माणसाकडे जातात. दोनाच्या वर प्रश्न नकोत, रात्री साडेअकराला कोणी फॉर्म भरत बसत नाही.

आणि एकाच मजल्यावरच्या तीन खोल्यांतून "वायफाय नाही" आलं तर ते एकच काम आहे. वर एक तिकीट (म्हणजे कामाची नोंद), खाली तीन खोल्या. नाहीतर तीन वेगवेगळे लोक त्याच राउटरपाशी येऊन उभे राहतात.

---

दोनओळी | सोमवार, दुपारी १:४०

त्या तिघांची ओळख तरी होते.

---

कोडगा | सोमवार, दुपारी ३:०५

रात्रपाळींशी सहमत. मी डेव्हलपरच्या बाजूने भर घालतो.

तुमच्या सूत्रात मला दिसणारी अडचण म्हणजे गाळणी आणि गुण यांची सरमिसळ. काही गोष्टी एकतर आहेत किंवा नाहीत: त्या कामाचं कौशल्य, लागत असेल तिथे लायसन्स, विम्याची मुदत, त्या वेळेला तो माणूस कामावर आहे का, त्या भागात जातो का, मालकाने "हा नको" असं सांगितलंय का. ही झाली गाळणी. इथे नापास म्हणजे यादीतून बाहेर, मग रेटिंग पाचपैकी पाच का असेना. अंतर, आधीचा अनुभव, आज आधीच किती कामं आहेत, या गोष्टी गुणात. लायसन्सला जर "वजन ०.३" दिलं असेल तर कधी ना कधी जवळ राहणारा, लोकप्रिय आणि विनालायसन्स माणूस गॅसच्या कामाला जाणार. सूत्राच्या दृष्टीने ते बरोबरच असेल.

दुसरं, तुमच्याकडे दोन अगदी वेगळी गणितं आहेत आणि दोन्हींना एकच कोड लावलेला दिसतो. चेकआउटनंतरची सफाई आदल्या रात्री बऱ्यापैकी माहीत असते: इतके फ्लॅट, इतके लोक, चेकआउट आणि चेकइन यांच्यामधली एवढीच खिडकी. हे एकत्र बसून सोडवायचं गणित. एका माणसाला एकच काम असेल तर माणसं आणि कामं यांच्या सगळ्यात स्वस्त जोड्या शोधणारी हॅरोल्ड कूनची १९५५ सालची हंगेरियन पद्धत चालते (कून अमेरिकन; कोनिग आणि एगरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर उभी म्हणून तसं नाव). पण सफाईवाला एकामागून एक चार फ्लॅट करणार असेल तर तो मार्ग आखण्याचा प्रश्न झाला. डँटझिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोलच्या ट्रकांसाठी मांडला, तोच. त्यासाठी तयार लायब्ररी आहेत, स्वतः लिहू नका.

"एसी बंद पडला" हे मात्र थेंबाथेंबाने येतं. पुढच्या तासात काय येणार ते माहीत नसतं आणि दिलेलं काम परत काढून घेता येत नाही. अशा वेळी समोर जो योग्य माणूस मोकळा आहे त्याला देऊन टाकणं ही साधी पद्धतसुद्धा, सगळं आधी माहीत असतं तर जितक्या जोड्या जमल्या असत्या, त्याच्या निदान निम्म्या जमवतेच. कार्प आणि दोघा वझिरानींनी १९९० मध्ये ती हमी साधारण ६३ टक्क्यांपर्यंत नेऊन दाखवली. पण ती लढाई तुमची नाहीच. तुमचं नुकसान जोड्यांच्या संख्येत होत नाहीये. काम दिलं असं सॉफ्टवेअर समजतं आणि कोणी घेतलेलंच नसतं, नुकसान तिथे आहे.

---

जुनाखेळाडू | सोमवार, संध्याकाळी ६:२०

थोडा इतिहास. पीएमएसमध्ये हा भाग इतका लंगडा का असतो? कारण या सॉफ्टवेअरची हाडंच वेगळ्या कामासाठी घडली. १९८७ साली म्युनिकमध्ये सुरू झालेलं फिडेलिओ घ्या किंवा त्या पिढीतलं दुसरं कुठलंही: केंद्रस्थानी खोली, आरक्षण आणि फोलिओ, म्हणजे पाहुण्याचं बिलाचं खातं. "मागणी" ही वस्तूच नव्हती. पाहुण्याने काही मागितलं तर आरक्षणावर शेरा मारायचा आणि हाउसकीपिंगला फोन फिरवायचा. सगळे कर्मचारी एकाच छताखाली, त्यामुळे ते चालून जायचं. सेवा बाहेरच्या माणसांकडून घ्यायची वेळ आली तेव्हा त्या शेऱ्याला पाय फुटावेत अशी अपेक्षा सुरू झाली.

बाकी कोडगा, तुम्ही गेल-शॅपली कसं विसरलात? १९६२ चा लेख, २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅपली आणि रॉथ यांना. दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमातून स्थिर जोड्या. इथे अगदी चपखल बसेल असं वाटतं.

---

कोडगा | सोमवार, संध्याकाळी ६:४८

विसरलो नाही, मुद्दाम टाळलं :)

त्या पद्धतीला दोन्हीकडून पसंतीच्या याद्या लागतात. पाहुण्याला प्लंबरांमध्ये पसंती नसते, त्याला लवकर येणारा हवा असतो. आणि स्थिर जोडीचा अर्थ असा, की आपला ठरलेला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावं असं वाटणारे दोघे उरत नाहीत. वैद्यकीय पदवीधर आणि रुग्णालयं यांच्यात ही भीती खरी असते. तुंबलेलं बेसिन आणि दुसऱ्या फ्लॅटमधला प्लंबर संगनमत करून पळून जात नाहीत.

शेऱ्याला पाय फुटले हे मात्र आवडलं.

---

जुनाखेळाडू | सोमवार, संध्याकाळी ७:०२

मान्य. सफाईवाले आणि मालक यांच्या कायमच्या जोड्या लावताना तरी विचार करा, तिथे दोघांनाही आवडनिवड असते.

---

हरकाम्या | सोमवार, रात्री १०:१५

इथे सगळे सॉफ्टवेअरच्या आतले दिसतात. मी मेसेज ज्याच्या फोनवर येतो त्यांतला. इलेक्ट्रिकल, एसी आणि किरकोळ दुरुस्ती, माझ्याबरोबर अजून काही पोरं आहेत. वेगवेगळ्या तीन-चार कंपन्यांच्या ॲपवर आमची नावं आहेत.

मेसेज कसा येतो बघा: "अर्जंट. एसी प्रॉब्लेम. स्वीकारा / नाकारा." बस. शिडी लागेल का, कितव्या मजल्यावर, स्प्लिट की विंडो, कुठल्या कंपनीचा, पाहुणा आत आहे की बाहेर गेलाय, दार कोण उघडणार, पार्ट लागला तर कोणाला विचारायचं, यांतलं काहीच नाही. स्वीकारावं तर डोळे मिटून स्वीकारायचं. नाकारावं तर ॲपमध्ये आमचा कामं स्वीकारण्याचा टक्का खाली येतो. म्हणून आम्ही तिसरंच करतो, उत्तरच देत नाही. दोन तासांनी सांगता येतं की रेंज नव्हती. तुम्हाला वाटतं आम्ही बेजबाबदार. तुमच्या ॲपनेच शिकवलंय ते.

एका ॲपमध्ये नाही म्हणताना कारण निवडता येतं: आत्ता दुसऱ्या कामावर आहे, हे काम येत नाही, लांब पडतं, माहिती अपुरी. कारण दिलं तर टक्का कमी होत नाही. त्या ॲपला मी हमखास उत्तर देतो, अगदी शिडीवर उभा असलो तरी. आणि त्यांनाही कळतं की "लांब पडतं" दहांदा आलं तर माझ्या हद्दीचा नकाशाच चुकलाय.

दुसरं, एकच काम सगळ्यांना एकदम पाठवू नका. उघडेपर्यंत "हे काम गेले" असं येतं. असं चारदा झालं की माणूस पाचव्यांदा फोन खिशातून काढत नाही.

फोटो पाठवायला लावा पाहुण्याला. यंत्रावरच्या लेबलचा एक फोटो आणि रिमोटवर किंवा पॅनेलवर जो एररचा आकडा दिसतो त्याचा एक. मी घरातून निघतानाच बरोबर पार्ट घेऊन निघतो. दोन फेऱ्यांची एक होते.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:०४

हा प्रतिसाद छापून आमच्या ऑफिसात लावणार आहे. +१

---

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:२०

वाचनखूण साठवली. हरकाम्या, लिहीत राहा.

---

गच्चीवरची | मंगळवार, सकाळी १०:०५

हरकाम्या, मनापासून आभार. आमच्या ॲपमध्येही नकाराने टक्का खाली येतो, आणि उत्तर न देणाऱ्याला मात्र काहीच होत नाही. म्हणजे गप्प बसणं हाच सगळ्यात फायद्याचा पर्याय आम्ही ठेवलाय. हे आजच बदलायला घेते. यंत्रांची माहिती तर फ्लॅटच्या नोंदीतच हवी, दर वेळी पाहुण्याला कशाला छळायचं.

पण एक विचारते. सगळ्यांना एकदम नाही पाठवायचं तर एकेकाला विचारत बसण्यात वेळ जाणार. पाणी गळत असताना तिसऱ्या माणसाच्या उत्तराची वाट बघायची?

---

कोडगा | मंगळवार, दुपारी १२:३०

समजा, कोणताही एक माणूस १० मिनिटांत "हो" म्हणण्याची शक्यता ६० टक्के आहे (आकडा मी घेतलाय, तुमचा तुमच्या नोंदींतून काढा).

एकामागून एक तिघांना विचारलं तर कोणीतरी घेण्याची शक्यता १ वजा ०.४ चा घन, म्हणजे ९३.६ टक्के, पण अर्धा तास जाऊ शकतो. तिघांना एकदम विचारलं तर तेच ९३.६ टक्के १० मिनिटांत, पण दर कामाला दोघांचा फोन उगाच वाजला. मधला मार्ग म्हणजे आधी एकाला, १० मिनिटांनी उरलेल्या दोघांना एकदम. शक्यता तीच, जास्तीत जास्त २० मिनिटं, आणि ६० टक्के कामांत एकाच माणसाचा फोन वाजला. आम्ही हेच वापरतो. गळतीसारख्या कामाला पहिली पायरी २ मिनिटांची, पडद्याची दांडी निखळली असेल तर तासाची. घाई किती आहे त्यावर थांबणं ठरवा, माणसाच्या गुणांवर नाही.

एकदम विचारताना दोघांनी एकाच क्षणी "हो" दाबलं तर काय, हेही आत्ताच ठरवा. "आधी वाचा, खुलं आहे का बघा, मग लिहा" असा कोड असेल तर दोघेही निघतील. डेटाबेसला एकाच आज्ञेत अपडेट करायला सांगायचं: स्थिती "खुली" असेल तरच हे नाव लाव. ज्याच्या अपडेटने शून्य ओळी बदलल्या त्याला "गेलं" कळवा. एकाच माणसाची दोन कामं एकमेकांवर चढू नयेत यासाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये काळाच्या पट्ट्यांवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर चढणाऱ्या नोंदी नाकारणारा नियम) लावता येतं. अशा पट्ट्या साठवणारे रेंज प्रकार ९.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहेत. तो नियम डेटाबेसकडेच सोपवा, स्क्रीनवर तपासून भागत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:१०

कोडगा, गणित छान आहे, पण ते तिघे स्वतंत्रपणे हो-नाही म्हणतात असं तुम्ही धरलंय. प्रत्यक्षात सगळे एकदमच नाही म्हणतात. उकाडा वाढला की सगळ्या एसीवाल्यांचे फोन एकाच दुपारी वाजतात. लाँग वीकेंडच्या संध्याकाळी सगळेच घरी असतात आणि कोणालाच यायचं नसतं. अशा दिवशी तुमचे ९३ टक्के कुठल्या कुठे उडतात, आणि पाहुणेही नेमके त्याच दिवशी सर्वांत जास्त असतात.

म्हणून साखळीच्या टोकाला व्हेंडर नसावा, आपला माणूस असावा, आणि त्याच्या हातात "कोणीच मिळत नाही" यावरचा इलाज असावा: दुसरा फ्लॅट देणं, टेबल फॅन पोचवणं, भाड्यात सूट देणं. सॉफ्टवेअरमध्ये ही पायरी मला कुठेच दिसत नाही. ते चौथ्या, पाचव्या, सहाव्या व्हेंडरला मेसेज करत राहतं आणि खाली आमचा पाहुणा घामाघूम.

---

कोडगा | मंगळवार, दुपारी २:२५

हो, हे बरोबर. एकाच कामाला मिळणारे नकार एकमेकांशी बांधलेले असतात. त्या दिवशी पहिल्या दोघांनी नाही म्हटलं की पुढचा अंदाज खाली आणायला हवा आणि आपल्या माणसाला लवकर उठवायला हवं.

---

खिडकीपाशी | मंगळवार, दुपारी ४:४४

मी मालकांच्या बाजूचं काम बघते, म्हणजे हिशेब आणि परवानग्या. तुमच्या चर्चेत पैसे कुठेच आले नाहीत याची गंमत वाटली. माणूस वेळेत पोचतो, बिघाड सापडतो, आणि मग कंप्रेसर बदलायचा की नाही हे विचारायला मालकाला फोन, मालक विमानात. माणूस परत जातो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नेमणूक यशस्वी!

प्रत्येक मागणीला पहिल्या मिनिटालाच एक गोष्ट चिकटली पाहिजे: हा खर्च कोणाचा. पहाटेची गाडी पाहुण्याची, गीझर मालकाचा, आणि सफाई नीट झाली नाही म्हणून पुन्हा पाठवलेली माणसं व्यवस्थापनाची. गीझर पाहुण्याने मोडला असेल तर तो निर्णय नंतरचा, त्यासाठी दुरुस्ती अडवायची नाही. प्रत्येक मालकाकडून एक मर्यादा आधीच मंजूर करून घ्या, त्याखालच्या कामाला फोन नाही. ती मर्यादा स्वीकारण्याआधीच टेक्निशियनला दिसू द्या.

आणि कॅलेंडर! आयकॅल, म्हणजे कॅलेंडरची देवाणघेवाण ज्या स्वरूपात होते, त्याच्या नियमांत (आरएफसी ५५४५, साल २००९) शेवटची तारीख धरायची नसते. १२ ला चेकआउट असेल तर बुकिंगचा शेवट १२ लिहिलेला असतो आणि ११ ची रात्र ही शेवटची रात्र. काही सॉफ्टवेअर १२ तारीखही भरलेली धरतात आणि सफाई १३ ला लावतात. शिवाय आयकॅलची फीड बदल झाला की स्वतःहून सांगत नाही, समोरचं सॉफ्टवेअर अधूनमधून येऊन बघतं तेव्हाच कळतं. पाहुण्याने सकाळी मुक्काम वाढवला तर दुपारी सफाईवाली दार उघडते आणि आत पाहुणा झोपलेला. बुकिंगच्या साइटशी थेट एपीआय जोडणी (दोन सॉफ्टवेअरनी आपसात थेट बोलायची सोय) असेल तर ती वापरा. नसेल तर निघण्याआधी पाहुण्याला एक "खोली रिकामी झाली का?" विचारा.

वेळा साठवताना यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ) आणि त्याबरोबर मालमत्तेच्या टाइमझोनचं नाव, दोन्ही. नुसता फरकाचा आकडा ठेवलात तर घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांत वर्षातून दोनदा गंमत होते.

---

हरकाम्या | मंगळवार, रात्री ९:३०

मर्यादा आधी दिसायला हवी याला दोन हातांनी पाठिंबा.

---

निळी_छत्री | बुधवार, सकाळी १०:५०

लक्षण आणि त्याखाली प्रश्न अशी लक्षणांची झाडं वगैरे हाताने बांधायची गरज आता राहिली आहे का? भाषेची मॉडेल्स पाहुण्याचा मेसेज वाचून प्रकार ठरवतात, पाहुणा कुठल्या का भाषेत लिहीना. आम्ही वापरतोय आणि ड्रॉपडाउनपेक्षा कितीतरी बरं चाललंय.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११:१५

वाचायला वापरा, ठरवायला नको. "स्वयंपाकघरात विचित्र वास येतोय" याला मॉडेलने "सफाई" म्हटलं तर? गॅस, धूर, ठिणग्या, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, तब्येत बिघडली, यांतलं काहीही असू शकेल तर तो मेसेज जोडी लावण्याच्या यंत्रणेत जाताच कामा नये. थेट माणसाचा फोन वाजला पाहिजे, आणि गरज असेल तर आपत्कालीन सेवेचा.

---

निळी_छत्री | बुधवार, सकाळी ११:४०

ते आहेच आमच्याकडे, साध्या शब्दांच्या यादीवर, मॉडेलच्या आधी. खोटी घंटा वाजते अधूनमधून, चालतं.

मॉडेलचा मला झालेला खरा फायदा वेगळाच आहे. पाहुणे एका मेसेजात दोन-तीन गोष्टी लिहितात: "अजून दोन टॉवेल मिळतील का, आणि हो, बाथरूमचा दिवा सारखा लुकलुकतोय, घाई नाही." ड्रॉपडाउन असताना यातला दिवा हरवायचा. आता दोन वेगळी तिकिटं होतात आणि "घाई नाही" हे फक्त दिव्याला लागतं. शिवाय खात्री नसेल तर मॉडेल प्रकार ठरवत नाही, रात्रपाळींच्या त्या दोन प्रश्नांपैकी एक विचारतं. म्हणजे झाड लागतंच, फक्त पाहुण्याला ते दिसत नाही. ऑपरेटरने प्रकार बदलला की तो बदल आम्ही साठवतो आणि दर आठवड्याला त्या यादीवर नजर टाकतो. सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं.

---

गच्चीवरची | बुधवार, दुपारी १२:२०

रेटिंगबद्दल कोणीच बोललं नाही. दोघातिघांकडेच कामं साचतात तो प्रश्न उरलाच आहे.

---

कोडगा | बुधवार, दुपारी १:१५

नुसती सरासरी वापरत असाल तर दोन्हीकडून मार खाता. एकाच पाहुण्याने पाच तारे दिलेला नवखा ८० रेटिंगमध्ये ४.६ सरासरी असलेल्याच्या वर जातो. किंवा रेटिंग नाही म्हणून नवख्याला शून्य धरता आणि तो कधीच वर येत नाही. सगळ्यांची मिळून सरासरी, धरा ४.२, ही प्रत्येकाला १० काल्पनिक रेटिंग म्हणून आधीच द्या. मग नवखा (४२ + ५) भागिले ११, म्हणजे ४.२७. जुना (४२ + ३६८) भागिले ९०, म्हणजे ४.५६. नवखा सरासरीपाशी सुरू होतो आणि स्वतःच्या कामाने वर-खाली जातो.

शिवाय गाळणीतून पार झालेल्यांत गुणांचा फरक किरकोळ असेल तर ज्याला सर्वांत जास्त दिवस काम मिळालं नाही त्याला द्या. ४.५६ आणि ४.५१ यांत पाहुण्याला काही फरक पडत नाही. व्हेंडरला पडतो.

---

हरकाम्या | बुधवार, रात्री ९:५०

तारे हा आमच्यासाठी दुखरा विषय. पाहुण्याने तक्रार सकाळी केली, तुमच्या ॲपने मला दुपारी सांगितलं, मी अर्ध्या तासात पोचून काम केलं. तारे दोन, शेरा "फार उशीर". त्यात माझा उशीर किती होता? आणि जो पोरगा गोड बोलून गॅस भरून जातो, गळती शोधतच नाही, त्याला पाच तारे. आठवड्याने पुढच्या पाहुण्याची तक्रार येते, ती त्याच्या नावावर कोणी लिहीत नाही.

त्याच यंत्राची तीच तक्रार पुन्हा आली का, हे बघा. ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच पडलेलं असतं.

---

कोडगा | बुधवार, रात्री १०:२०

हे करायला तक्रार फ्लॅटऐवजी यंत्राला जोडावी लागेल, म्हणजे प्रत्येक एसीला, गीझरला स्वतःचा क्रमांक. काम वाढतं, पण हरकाम्यांनी आधी मागितलेला मजला, कंपनी, मॉडेलही त्याच नोंदीतून मिळेल. वेळेचेही तीन तुकडे करा: मागणी ते स्वीकार, स्वीकार ते पोचणं, पोचणं ते काम पूर्ण. पहिला तुकडा आपला, पुढचे दोन व्हेंडरचे. ताऱ्यांच्या शेजारी हे तीन आकडे ठेवले की कोण उशिरा आलं यावर वाद उरत नाही.

---

खिडकीपाशी | गुरुवार, सकाळी ९:४०

एक राहिलंच. व्हेंडरला पाहुण्याचं पूर्ण नाव, नंबर आणि मुक्कामाच्या तारखा पाठवू नका. त्याला दार, काम आणि वेळेची खिडकी पुरते. कामापुरतीच माहिती द्यायची हे तत्त्व युरोपीय संघाच्या जीडीपीआरमध्ये (२०१८ पासून लागू) नियम म्हणूनच आहे, पण नियम नसता तरी हेच करावं. फोन हवाच असेल तर दोघांचे नंबर झाकणारी कॉलची सोय वापरा. दाराचा कोड त्या खिडकीपुरताच चालू, काम झाल्यावर बंद.

---

गच्चीवरची | गुरुवार, दुपारी १२:१५

"नेमणूक झाली" ही स्थितीच काढून टाकतेय. त्याऐवजी विचारलं, स्वीकारलं, निघाला, पोचला, झालं. पाहुण्याला "स्वीकारलं" च्या आधी कोणाचंही नाव दिसणार नाही. नकारांची कारणं आणि मालकांची मर्यादा याच आठवड्यात. यंत्रांचे क्रमांक द्यायला वेळ लागेल, आधी फक्त एसी आणि गीझर घेतो.

एक शंका. माणूस निघाल्यावर पाहुणा लिहितो, "राहू द्या, चालू झाला आपोआप." तेव्हा काय करता?

---

हरकाम्या | गुरुवार, दुपारी १:०५

निघालो असेन तर फेरीचे पैसे मिळायला हवेत, ते आधीच ठरलेलं हवं. आणि मी तरीही जाऊन बघतो, पाहुणा हो म्हणाला तर. आपोआप चालू झालेला एसी रात्री आपोआप बंदही होतो.

---

कोडगा | गुरुवार, दुपारी १:२०

"रद्द" आणि "निघाल्यावर रद्द" या दोन वेगळ्या स्थिती ठेवा. दुसरीला फेरीचा खर्च आपोआप लागावा, आणि तो खिडकीपाशींच्या नियमाने कोणाच्या खात्यावर जाणार तेही तिथेच ठरावं. तिकीट मात्र पूर्ण बंद करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याला एकच प्रश्न जाऊ द्या: एसी चालू आहे का?

---

खिडकीपाशी | गुरुवार, दुपारी १:३८

फेरीचा खर्च मालकाच्या खात्यावर टाकणार असाल तर त्याच्या करारात तसं लिहून घ्या आधी. नाहीतर तो प्रश्न माझ्या टेबलावर येतो.